साखरेचा खडा

४ मार्च १९७६

शेश्टिन आज ऊमेओ शहरातून आमच्या या उत्तर स्वीडनच्या खेड्यात आली. माझ्या मुलीची मुलगी. विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकते. परीक्षेचा अभ्यास इथल्या शांततेत करावयाचा आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले. तथापि ‘जीव’ आणि ‘रसायन’ हे दोन्ही शब्द मला ठाऊक आहेत, असे मी तिला बजावले.

ती हसली. “आजोबा, शाळेत सगळं वेगवेगळ्या डब्यांत भरून दिलं होतं. रसायनं एकीकडे, प्रकाश दुसरीकडे, आनुवंशिकतेचे वाटाणे तिसरीकडे. आता कळतंय, ही सगळी एकाच घरातली माणसं!”

जेवली मात्र नाही. परीक्षेच्या धास्तीने अन्न जात नाही म्हणे.

६ मार्च

शेश्टिनच्या पोटात कळा. आमच्याकडे पोट दुखले की अन्न बंद—फक्त काळी कॉफी, तीही बिनसाखरेची. हा नियम माझ्या लहानपणापासूनचा आहे. मी तो तिलाही लावला.

७ मार्च

कळा वाढल्या. ताप नाही, पोट मऊ—तरीही किंचाळते! भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात म्हणते. बाहेर कमरेएवढा बर्फ आहे. मुंग्या कुठून येणार?

शेजारची हुल्दा म्हणाली, “इसाकभाऊ, मी डॉक्टरला फोन लावते.”

“काहीएक आवश्यकता नाही,” मी उत्तर दिले.

आवश्यकता आहे. परंतु माझ्या आईला अशाच कळा आल्या होत्या, असेच भास झाले होते. घोड्याच्या बर्फगाडीत बांधून तिला वेड्यांच्या इस्पितळात नेले. मी लहान होतो. ती इतकी बिघडली होती की तान्ह्या पोरासारखी साखर मागत होती. गाडीवाले हसत होते. ती परत आली नाही.

हे मी कुणालाही सांगितलेले नाही. शेश्टिनला नेऊ देणार नाही.

८ मार्च

रात्रभर जागा आहे. अक्षर बिघडले आहे.

तिचे रात्रीचे भांडे पडवीच्या खिडकीत राहिले. सकाळी लघवी साधी होती. दुपारी उन्हात लाल—रानबोरांच्या सरबतासारखी! मी भांडे उचलून आत आणले.

हुल्दाने झोपेची पूड आणली. “द्या, पोरगी निजेल तरी. अर्धी तुम्हीही घ्या, थोबाड बघा आरशात!” मी पूड पाण्यात कालवली.

शेश्टिनने पेला ढकलला. तिची नजर माझ्या दुसऱ्या हातातील भांड्यावर खिळली. “हे उन्हात होतं?”

“चुकून राहिले.”

मग ती बोलत सुटली. रक्ताचा लाल रंग शरीर टप्प्याटप्प्याने बनवते. एका टप्प्यावर काम अडले की कच्चा माल साठतो, कळा आणि भास आणतो, लघवीत उतरतो, आणि उजेडाने लाल होतो. दोष घराण्यातून येतो, वाटाण्याच्या रंगासारखा. “माझी सगळी पुस्तकं ह्या एका भांड्यात आहेत, आजोबा! उपास आणि ही पूड, दोन्ही त्या कारखान्याला चाबूक मारतात. साखर लगाम घालते. साखर द्या मला!”

साखर द्या. तेच शब्द!

मी जागीच थिजलो. हे वेड की विद्या? चौथी शिकलेल्या माणसाने कसे ठरवावे?

“आजोबा, बघत काय बसलात!”

मी साखरदाणी आणली. कॉफी पिताना आम्ही धरतो तसा खडा तिच्या दातांत ठेवला. दुसरा. आणखी एक. मग हुल्दाच्या घरी फोनकडे धावलो—टोपी न घालता.

११ मार्च

इस्पितळ. साधेच, वेड्यांचे नव्हे. शिरेतून साखरेचे पाणी देत आहेत. कळा ओसरल्या. मुंग्या गेल्या.

डॉक्टर म्हणाले, “निदान पेशंटनंच केलं. मी नुसती मान डोलावली. घरात आधी कुणाला होतं?”

‘नाही’ हा शब्द ओठांवर तयार होता.

“माझ्या आईला,” मी म्हणालो.

त्यांनी माझे रक्त मागितले. मी बाही वर केली. भीती गेलेली नाही.

२९ मार्च

माझ्या रक्तातही तोच दोष निघाला.

आई भ्रमात नव्हती. ती औषध मागत होती.