होरी-सान, सूट आणि ऑक्टोबरातला फोन

२७ सप्टेंबर
बेसबॉल क्लबच्या खालच्या संघाचा सीझन संपला. शेवटची मॅच भरून टाकली. व्हिडिओ बघायचा, प्रत्येक बॉल कुठे पडला, कोणी मारला, कोणी अडवला ते कॉम्प्युटरात भरायचं, असं हे माझं बाइतो. म्हणायला अर्धवेळ, मान पूर्णवेळ अवघडते. होरी-सान सेकंड बेसला. शेवटच्या खेपेला बंट केला, बॉल नुसता बॅटला टेकवून पुढ्यात पाडला. स्वतः आउट, आपला रनर एक बेस पुढे. नेहमीचंच. हा माणूस आमच्या खालच्या मजल्यावर राहतो हे ऑफिसात सांगून ठेवलंय, म्हणून त्याच्या एंट्र्या मोरिता-सान पुन्हा तपासतात. तरी तो बॅट घेऊन आला की मी खुर्चीत सरसावून बसते.

२९ सप्टें.
सकाळी कचऱ्याच्या जाळीपाशी होरी-सानची बायको एमि-सान भेटली. नवऱ्याला यंदा क्लब बहुतेक काढणार, असं तिनेच सांगितलं. वय पस्तीस, वर्षभर खालच्या संघात, वरच्या संघात त्याच्या जागी नवा खेळाडू जोरात. ऑक्टोबरात फोन येतो म्हणे: उद्या सकाळी ऑफिसात या, सूट घालून. एवढंच. कारण विचारायचं नसतं, सूट म्हटलं की समजायचं. फोन आला तर हे लोक क्यूशूला, त्याच्या आईकडे. म्हणजे माझ्या सईची मैत्रीण, त्यांची हारु गेली आणि माझी एमि. उरायासुत इतकी वर्षं काढली, माझ्याशी मुद्दाम हळू जपानी बोलणारी ही एकच बाई. मला रडू आलं. तिच्यासमोर नाही, लिफ्टमध्ये.

२ ऑक्टो.
बाबांचा मिरजेहून फोन. आयुष्यभर तालुक्याच्या क्रिकेट मॅचेसचं स्कोअरिंग केलेलं, त्यामुळे त्यांना होरी-सानचे आकडे हवेच असतात. वाचून दाखवले. हिट्स हजाराला थोड्या कमी. सरासरी बेताची. होमरन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बंट मात्र ढीगभर.
"म्हणजे आपण आउट व्हायचं नि दुसऱ्याला पुढं ढकलायचं?"
"हो बाबा. पण तो आउट सरासरीत धरत नाहीत."
"धरत नाहीत? बरा न्याय आहे. आमच्यात असा माणूस दुसऱ्या मॅचला दिसला नसता." मग जरा थांबून, "काढू नका म्हणावं त्याला."
जणू माझ्याच हातात आहे!

४ ऑक्टो.
मंदार म्हणतो, "शेजारणीच्या नवऱ्याच्या नोकरीचं एवढं टेन्शन! स्वतःच्या नवऱ्याच्या प्रोजेक्टचं कधी घेतलंस?" त्याच्या प्रोजेक्टचं काय, तो योकोहामाला जातो आणि योकोहामाहून येतो. सईला विचारलं, हारु काही बोलली का? "बेत्सुनि." विशेष काही नाही. दुसरीतली पोर, उत्तर चाळिशीतलं.
हवा चांगली आहे, खिडक्या उघड्या असतात, खालचा फोन वर ऐकू येतो. वाजला की आम्ही तिघंही जेवता जेवता थांबतो.

७ ऑक्टो.
कुठे तोंड लपवू!
सं. ६ ला ऑफिसात आठवलं, उद्यापासून कचऱ्याची पाळी होरींची, आणि पाळीची पाटी त्यांच्या दाराला अडकवायला मी विसरले. माझा मोबाइल मेलेला. पर्समध्ये बिल्डिंगचा पाळीचा कागद, त्यावर नंबर होरी-सानचा. ऑफिसच्या फोनवरून लावला. तो फोन हातात घेतला की ट्रेनिंगमध्ये घोटवलेली आदबशीर जपानी माझ्या तोंडून आपोआप सुरू होते. नेहमीच आपली कृपा असते, अचानक तसदी देते, क्षमा असावी. या सगळ्यात नाव सांगायचं राहिलं. पुढे, "उद्या सकाळी यायचं आहे. आठच्या आत."
तिकडून, "हाय." म्हणजे जपानीत हो. "सूट घालून ना?"
मला वाटलं, इथे कचऱ्यालाही शिस्त. म्हटलं, "छे, सूट कशाला? खराब होईल. जुने कपडे चालतील. कावळे जाळी ओढतात, ती नीट घालायची आहे."
"...कावळे?"
मागून एमि ओरडली, "अनघा-सान??"
फोन तिने घेतला. आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "तो अजून ताठ उभा आहे." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
घरी येऊन तशीच शिरा केला, घेऊन खाली गेले. होरी-सान माझ्यापुढे वाकले, मी त्यांच्यापुढे, थांबायला कोणी तयार नाही. मग ते म्हणाले, "खरं सांगू? फोन आला तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. फार हलकं वाटलं. मग कावळे निघाले. त्याहून हलकं वाटलं."
शिरा संपवला त्यांनी. हारुला एक घास दिला फक्त.

८ ऑक्टो.
सकाळी जाळीपाशी होरी-सान. सूट घातलेला. टायसुद्धा. मला बघून कमरेत वाकले, "आलो." हसून हसून माझ्या हातातली पिशवी पडली. तीही त्यांनीच उचलली.

१४ ऑक्टो.
क्लबने असे फोन करायच्या दोन मुदती असतात, त्यातली पहिली संपली, फोन नाही. हुश्श! एमि चहाला आली. तिचं बिस्किट चहात पडलं, चमच्याने काढलं, खाल्लं. किती दिवसांनी पाठ टेकून बसले. बाबांना कळवलं. "सांगितलं होतं ना, काढू नका म्हणून!" श्रेय घेऊन मोकळे.
दुसरी मुदत मोठे सामने संपता संपता. तोवर मी फोन करायचा नाही, गॅलरीतून हाक मारायची, असा एमिचा नियम.

२६ ऑक्टो.
दुसरी मुदत सुरू. दुपारी कणीक मळत होते, खाली फोन वाजला. माझा इथे चार्जिंगला, म्हणजे मी नाही. होरी-सानचं "हाय" ऐकू आलं. मग मोठ्यांदा हसले. पाठोपाठ एमिही. त्यांचं हसणं ऐकून इतकं बरं वाटलं, की नक्की काय झालं हे विचारायचंच भान राहिलं नाही.
नंतर गॅलरीत गेले, हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं. उद्या कचऱ्याचा दिवस आहे, आणि फोन क्लबचा असेल तर ऑफिसात जायचाही. जुन्या कपड्यांत येतात की सूट घालून, बघू.