तांदळात लिहिलेलं नाव

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधी ऐका. तुम्ही बोटीवर कुक होतात. अलास्काच्या एका बंदरात तिथल्या म्हाताऱ्या हमालाला तुम्ही "ए एस्किमो" म्हणून हाक मारलीत आणि त्याने तुमचे पुढचे दोन दात पाडले. सुट्टीवर मुरुडला आलात, तेव्हा ओटीवर बसून ती फट सगळ्यांना दाखवत सांगायचात, "मानलं त्याला! म्हणला, आम्ही चिलकॅट. ते पण गोऱ्यांनी इंग्रजीत लिवलेलं, त्यांच्यात घशातून म्हणतात. मासळी साठवायचं कोठार, असा अर्थ हाय त्याचा." ते घशातलं नाव तुम्ही आठवडाभर घोकत होतात. परक्या माणसाच्या नावासाठी केवढी मेहनत, बाबा!

आणि आईचं नाव? लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने तुम्ही तिचं नवं नाव लिहिलंत, तेव्हापासून माहेरचं नाव आपल्या घरात बंद. त्याच सुट्टीत श्रीवर्धनहून मामा सुपाऱ्या घेऊन आला. मागच्या दारातून त्याने तिला जुन्याच नावाने हाक मारली आणि ती "ओ" देऊन पळत गेली. तुम्ही बाजारातून परत आलात, तोवर मामा निघून गेला होता. मग चुलीपाशी तुम्ही तिचे केस धरून तिचं डोकं पाट्यावर आपटताय, एकदा, दोनदा, वाटलेल्या खोबऱ्यात रक्त उतरतंय, आणि ती ओरडतेय, "न्हाय देणार ओ, मेले तरी न्हाय देणार!" मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. पण हात कसे झडले नाहीत हो तुमचे? संध्याकाळी तेच हात धुऊन तुम्ही जेवायला बसलात.

परवा आई दवाखान्यात बेशुद्ध होती. नर्स म्हणाली, "ताई, नावाने हाका मारा त्यांना." तुम्ही ठेवलेल्या नावाने हाका मारून माझा घसा सुकला, तिची पापणी हलली नाही. शेवटी कानाशी वाकून माहेरचं नाव घेतलं. तिने डोळे उघडले, बाबा. आणि सलाईन लावलेला हात उचलून आधी डोकं झाकलं.

हा कागद मी तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही, चुलीत घालीन. फक्त एक राहिलं. त्या दिवशीचं तुम्हाला कुणी सांगितलं, हे आईने मला कधीच विचारलं नाही. बोटीवरून आणलेली रंगीत पेन्सिलींची पेटी तुम्ही हातात धरली होती. "मी नव्हतो तेव्हा काय काय झालं सांग, मग देतो," म्हणालात. त्या पेन्सिली मी पार झिजेपर्यंत वापरल्या.