तिसऱ्या चढणीनंतर

पळसदरी,
९ डिसेंबर १९७९

प्रिय ब्रिजिता,

पत्ता तुझ्या भावाकडून मिळवला.

मुंबईतलं रेकॉर्डिंगचं काम सोडून मला बरीच वर्षं झाली. कर्जतला रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, राहतो इथे. गेल्या महिन्यात भायखळ्याच्या चर्चमधले नवे फादर फितींचा डबा घेऊन आले. एकसष्टच्या गुड फ्रायडेला तुमच्या कॉयरने गायलेलं ते जर्मन उपासनासंगीत, अडीचशे वर्षांपूर्वीचं. त्या दिवशी मशीनवर मी होतो, म्हणून मलाच शोधत आले.

फितींवर पांढरी बुरशी होती, वेढे एकमेकांना चिकटलेले. ओल शोषली जावी म्हणून भाजलेल्या तांदळांवर उघडा डबा ठेवून त्या वाळवल्या. मग बोटाने रीळ फिरवत, कापसाने पुसत, तुटेल तिथे जोडत गेलो. एकेक ओळ दिवसभर वाजते. शेजारच्या विठाबाई भाकरी घेऊन आल्या की ऐकतात. काल म्हणाल्या, ‘त्या बायांना किती दिस अडवून धरशील रं? गाऊ दे की एकदाचं. आमच्या भजनाला येवढा येळ लागला असता तर देव उठून गेला असता.’

तू आल्टोत, खालच्या सुरांतल्या बायकांत, डावीकडून शेवटची. सगळ्या गात असल्या की तुझा आवाज वेगळा काढता येत नाही. मी खूप प्रयत्न केला. तो एकाच जागी ऐकू येतो आणि ती जागा तुला ठाऊक आहे. ऑर्गनचे सूर चढत जातात, आणि भरल्या चर्चमध्ये तू एकटीच गायला लागतेस. दोन शब्द. मग गप्प होतेस. ऑर्गन पुन्हा चढतो आणि बाकीच्या सुरू होतात.

तुला कुणी रागावलं नाही. बाहेर चहाच्या वेळी सगळ्या फार गोड बोलल्या. तेच तुला सोसलं नाही. तू कॉयर सोडलंस, मग रविवारी भायखळ्याला येणं सोडलंस, पुढे वसईला गेलीस. स्टेशनाबाहेरच्या ज्या इराण्याकडे आपण बसायचो, तिथे मी नंतरही बरेच रविवार बसलो. पोऱ्या आधी न विचारता दोन कप आणायचा, नंतर एक आणायला लागला.

फादर म्हणाले, ‘ती चूक तेवढी कापून टाका.’ ब्लेडचं काम. नेमकं कुठे कापायचं ते कळावं म्हणून मी आदल्या संध्याकाळच्या तालमीची फीत लावली. तीही डब्यात होती. तालमीत ऑर्गन तीनदा चढतो आणि तिसऱ्या चढणीनंतर तुम्ही सगळ्या गाणं उचलता. मग शुक्रवारची फीत लावली. तिथेही तू तिसऱ्या चढणीनंतरच उचलतेस. बाकीच्या उचलत नाहीत. कॉयरला खूण करणाऱ्या मास्तरांचा हात उठला नसावा. ऑर्गनवाल्याने सांभाळून घेत ती चढण चौथ्यांदा वाजवली. मी दोन्ही फिती पुन्हा पुन्हा लावल्या. कापायचीच तर ती चौथी चढण आहे, तुझे शब्द नव्हेत.

फादर पुढच्या रविवारी येतील. त्यांना दोन्ही फिती ऐकवीन. मी काहीही कापलेलं नाही.

एकटी चुकू शकते, इतक्या जणी कशा चुकतील, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं. तूसुद्धा. भाऊ म्हणाला, तू आता घरातही गात नाहीस. इथे ऐकायला ये, असं मी म्हणत नाही. तुझं तिकडे सगळं आहे. एवढंच कळवायचं होतं. तू वेळेवर आली होतीस. उशीर आम्हा बाकीच्यांना झाला.

मशीनमागे बसणारा, तुझाच
कमळाकर