आईनं गाळलेलं पाणी

सांगवी, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८१

उद्या पर्यावरणाच्या प्रॅक्टिकलला नदीचं पाणी तपासायला न्यायचंय. म्हणून सकाळीच पवनेवरून बाटली भरून आणली आणि फळीवर ठेवली. संध्याकाळी विद्यापीठातून येऊन बघते तर पाणी नितळ. आईनं चौपदरी फडक्यातून गाळून, वर तुरटी फिरवून ठेवलं होतं.

"असलं घाण पाणी सरांना दावतीस व्हय? गावाला नावं ठेवत्याल."

चिडणारच होते. पण तिचा चेहरा बघून... नाही जमलं. तपासायची ती घाणच होती, एवढंच सांगितलं. मग तिनं मोरीतलं फडकं आणून दाखवलं. दोनदा साबण लावूनही काळा डाग तसाच.

"तू तान्ही हुतीस तवा ह्याच पाण्यानं न्हाऊ घालायची तुला," म्हणाली.

तेव्हाची नदी वेगळी होती, कंपन्यांचं पाणी तिच्यात नंतर यायला लागलं, हे मी तिला समजावलं. तिनं मान डोलावली. पटलं का तिला?

उद्या लवकर उठून पुन्हा बाटली भरायला हवी. तीही येणार म्हणते.

मोरीतून अजून आवाज येतोय. तेच फडकं. माझ्याच अंगावरचं काहीतरी काढायचं राहून गेल्यासारखी घासतेय.