मंगळसूत्र धरायला

शिवांगीच्या पप्पांना,

फोनवर तुम्ही रोज केळीचंच विचारता, म्हणून मीही केळीचंच सांगते. बाकीचं इथं लिहून पिठाच्या डब्यात ठेवते. लातूरला धाडायची हिंमत न्हाई.

पोळ्याच्या आधी अर्धापुरात छातीच्या तपासणीची गाडी आली होती. नर्स म्हणाली, गळा मोकळा करा, मंगळसूत्र फोटोत येतं. तुम्ही तिकडं मिलमध्ये मशीनच्या फिरत्या पट्ट्याजवळ काम करता. उतरवायला मन धजलं न्हाई. छातीतली गाठ हाताला लागत होती, तरी मी तशीच घरी आले.

दिवाळीनंतर गाठ लई वाढली, तवा एकटीच नांदेडला गेले. तिथल्या नव्या मशीनवर, केळीचं खोड सोलावं तसा छातीचा एकेक थर दिसतो. मंगळसूत्र उतरवावंच लागलं, पण खाली कसं ठेवणार? रांगेतल्या खातूनबीनं पदर पुढं केला. ओळख तिथलीच. "दे माय, मी धरते," म्हणाली. मशीननं छाती दाबली तवा जीव कळवळला, पण ध्यान तुमच्याकडंच होतं.

बाहेर येऊन आधी तुम्हाला फोन लावला. तुम्ही खेकसलात, "कामावर हाय, काय झालं?"

"काही न्हाई," म्हणाले, "घड चांगले भरलेत."

तुम्हाला काहीच झालं नव्हतं. मग डॉक्टरांनी सुईनं तुकडा काढून तपासला. मला कॅन्सर हाय.

सोमवारी ऑपरेशन हाय. गळा पुन्हा मोकळा करावा लागेल, आणि या वेळी खातूनबी नसणार. तेवढं धरायला तरी या.

तुमची,
सिंधु