टिचबटणांची कवळी

मु. निफाड

ती. लहानूदाजींच्या पायाशी केरूचा रामराम.

इगतपुरीला यंदा गारठा फार आहे असं कळलं. छातीला जपा, कानटोपी उतरवू नका आणि आमच्या चंद्राक्काला सांगा की भाऊ धडधाकट आहे. इकडे द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलं आहे, सगुणा बरी आहे आणि सूनबाई वेदिका सगळ्या घराला हुकूम सोडते आहे, म्हणजे तीही बरीच आहे. आता हा केरू फोन सोडून पत्र का लिहितो, असं तुमच्या मनात येईल. दाजी, फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून गाडी पुढे काढता (रेल्वेतली सवय), आणि माझ्यावर जे गुजरलं ते स्टेशनात गाडी उभी करून ऐकण्यासारखं आहे.

माझे दात गेले हे तुम्ही जाणताच. ज्या केरूनं भर जत्रेत दातांनी नारळ सोलून दाखवला होता, त्याचे दात पायरियानं गेले, जेवणं उरकल्यावर वऱ्हाडी जातात तसे, एकेक करून, न सांगता. मग कवळी आली. वरची एक वेळ टाळूला धरून बसते, पण खालची म्हणजे ओल्या पाटावर ठेवलेली वाटी. घास चावायचा की कवळी सांभाळायची, यात माझी सगळी ताकद सांभाळण्यातच जायची. तरी निभत होतं. पण विंचूरला पुतणीच्या साखरपुड्यात नव्या व्याह्यांनी मोठ्या प्रेमानं मला पेढा भरवला. पेढा चिकट निघाला. त्यांनी हात मागे घेतला तेव्हा बोटांना पेढा, आणि पेढ्याला माझी खालची कवळी. व्याही सज्जन माणूस. त्यांनी ती दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी मला परत दिली. मांडवात कुणी हसलं नाही, दाजी. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी चारचौघांत जेवणं सोडलं. लग्न असलं की माझं पोट बिघडायचं. घरी सगुणा भाकरी दुधात कुस्करून द्यायची, भाताची पेज करायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून ती प्यायचो. गाल आत गेले, धोतर दोन बोटं सैल झालं. शेवटी वेदिका म्हणाली, “दादा, उद्या नाशिकला जायचंय. नाही म्हणायचं नाही.” मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेलो.

मला वाटलं, तिथल्या दातांच्या ज्योत्स्ना डॉक्टर तोंड बघतील. त्यांनी आधी गालच बघितला. माझ्या गालाला आणि कानशिलाला गोल चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या तारा यंत्राला जोडल्या आणि म्हणाल्या, “काका, दात दाबा. जोरात.” मी सगळा जीव एकवटून दाबले. पडद्यावर एक रेघ जरा थरथरली आणि आडवी झाली. मी विचारलं, “मेला का हो?” (म्हणजे गाल.) त्या म्हणाल्या, “मेला नाही, बसून आहे. चावायचा हा स्नायू शरीरातल्या दणकट स्नायूंपैकी एक. पण दात गेले, काम गेलं, तसा तो वाळला.” मग त्यांनी निळ्या आणि गुलाबी रंगाचं च्युइंगगम चावायला दिलं. दोन्ही रंग किती मिसळतात त्यावरून चावणं कळतं म्हणे. पण डॉक्टरनं दिलेली वस्तू थुंकायची कशी, म्हणून मी ती आदरानं गिळली. त्यांनी दुसरी दिली.

पुढे त्यांनी खालच्या जबड्यात दोन बारीक स्क्रू बसवले. मी शूरपणे बसून राहिलो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण नंतरचं ऐका. ते स्क्रू धातूचे, आणि माझं हाड आपलं आपण त्यांच्याभोवती वाढून त्यांना घट्ट धरून बसलं! आपण जंगली खुंटावर द्राक्षाच्या कलमाचा डोळा भरतो, तो जीव धरतो, ते मी जन्मभर बघितलं. पण तिथे दोन्हीकडे हिरवा जीव असतो. इथे एकीकडे निव्वळ धातू, आणि दुसरीकडे सत्तरी ओलांडलेलं केरूचं हाड, तरी त्यानं त्याला घरात घेतलं. मी काही न करता खाटेवर पडून होतो आणि माझ्या हनुवटीत हे चाललं होतं. अजून आरशात हनुवटी बघितली की हात जोडावेसे वाटतात.

काही महिन्यांनी त्या स्क्रूंवर खालची कवळी बसवली. सदऱ्याच्या टिचबटणासारखी, टक्. जीभ लावली, हलेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “हळू चावा. खऱ्या दाताच्या मुळाशी गादी असते, ती किती जोर लागला ते सांगते. स्क्रूला ती नाही. अंदाज यायला वेळ लागेल.” मी ‘हो’ म्हणालो आणि घरी येऊन शिऱ्याचा पहिला घास चमच्यासकट असा चावला की चमच्यावर खूण आहे. आठवडाभर गाल असे दुखले, जसा पहिल्यांदा खुरपणीला गेलेल्याचा खांदा. पण दुखताहेत म्हणजे उठलेत! पुढच्या खेपेला पुन्हा पट्ट्या लावल्या, दात दाबले, आणि दाजी, पडद्यावर रेघेचा डोंगर उभा राहिला. मी घाबरून सोडून दिलं. “हा मी?” विचारलं. “तुम्हीच,” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सगुणाला म्हटलं, आज भाकरी कुस्करू नको. तिनं बाजरीची भाकरी, ठेचा आणि कांदा फोडून ठेवला, दोन ताटांत. मी घास घेतला, सावकाश चावला. मग शेजारून कर्रकन आवाज आला. ती कांदा खात होती, डोळे मिटून. किती तरी दिवसांनी तो आवाज घरात ऐकला.

“तुझे दात तर चांगले हायेत,” मी म्हणालो.

“हायेत की.”

“मग तू इतके दिस काय खात होतीस?”

“तुम्ही खायचे तेच. तुम्ही भिताडाकडं तोंड करून पेज प्यायची आन् मी मागं बसून कांदा फोडायचा, बरं दिसतं का?”

दाजी, हाडानं धातू धरला त्याचं नवल मला होतंच. पण माझ्या पाठीमागे बसून ही बाई बत्तीस दातांनी पेज पीत होती, आणि मला एकदाही कळलं नाही, यापुढे ते नवल काहीच नाही. मी माझ्यातला अर्धा कांदा तिच्या ताटात ठेवला. ती म्हणाली, “खावा गुमान.”

लोभ आहेच, तो इगतपुरीच्या वाऱ्यावर न सोडता जपावा.

आपला,
केरू

ता. क. : तुम्हीही बिस्किट चहात विरघळवून खाता असं ऐकलं. आता माझ्या वरच्या जबड्यात स्क्रू बसायचे आहेत. मला काही नाही, पण तुमचे दात दाखवायला त्याच दिवशी या. मी सोबत असलो की तुम्हाला धीर येईल.

ता. क. दुसरा, सगुणाचा : दाजी, हे पाकीट मी चिकटवते हाय. ह्यांचा शूरपणा ऐकू नका. खालच्या स्क्रूच्या टायमाला डॉक्टरीणबाईचा हात असा धरला की शेवटी तिनं ‘काका, मला दोन्ही हात लागतात’ म्हणून सोडवून घेतला. वरच्या कामाची तारीख ह्यांनी दोनदा पुढं ढकलली. तुम्ही या आन् ‘मला लय भ्या वाटतं’ म्हणा, मग तुम्हाला धीर द्यायला हे आपसूक येतील. (मी चंद्राक्काशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, तुम्हाला नाटक करायला लागणार नाय.)