शनिवार सरोवरावर

प्रिय खारूताई,

आधी हे वाच, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. पत्र बघून तू दचकली असणार, कारण आपल्या घरात पत्रं लिहायची पद्धतच नाही. आपण मैद्याच्या पोत्यावर खडूने निरोप लिहिणारी माणसं. पण फोन लावला की बाबा शेजारून भट्टी किती तापली, मैदा आला का, दूधवाला वेळेवर आला का असं सुरू करतात आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून आज सकाळी त्यांना सरोवराच्या काठी फिरायला पिटाळलंय आणि मी इथे खोलीच्या खिडकीपाशी बसले आहे. शुक्रवारी तू विचारलंस की परत यायचं सोडून हे सहलीचं खूळ मध्येच कुठून निघालं, आणि मी काहीबाही सांगून घाईने फोन ठेवला. आता सगळं नीट सांगते.

निघताना काय ठरलं होतं ते तुला पाठ आहे. दोन-तीन दिवस शहरात राहायचं, शुक्रवारी रात्री घरी पोचायचं आणि शनिवारची भट्टी बाबांनीच लावायची. रुग्णालयाचा पाव, खाणावळींचा पाव, शिवाय सुट्टीचं गिऱ्हाईक, असा तो आपला राक्षसी शनिवार. लग्न झाल्यापासून त्यांनी एकही शनिवार दुसऱ्याच्या हाती दिलेला मी पाहिला नाही. तू जन्मलीस तोही शनिवारच होता. सगळा पाव पोचता करून बाबा दुपारी तुला बघायला आले, तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. तुझ्या आत्याला वाटलं, मुलगी झाली म्हणून माणूस एका दिवसात म्हातारा झाला!

छातीच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. हा दमा पिठाचा आहे, बेकरीत जाणं थांबवा, नाहीतर एक दिवस श्वास थांबेल, असं ते माझ्यासमोर म्हणाले. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नवं पोतं फोडलं. त्यांचं आपलं एकच पालुपद, खोकला हवामानाचा आहे. तू दिवसभर भट्टीपाशी राबायचीस, पण पीठ भिजवणं आणि शनिवार या दोन गोष्टी त्यांनी स्वतःकडे ठेवल्या. तुझ्यावर विश्वास नाही असं ते कधी म्हणाले नाहीत. भट्टीच्या डाव्या कोपऱ्याचा स्वभाव पोरीला अजून कळलेला नाही, एवढंच म्हणायचे. गेली कितीतरी वर्षं तो कोपरा माझी सवत होऊन बसलाय.

शहरात येताना आत्याने बजावलं होतं की तिथल्या धुराने त्यांचा जीव मेटाकुटीला येईल. मीही मनातून धास्तावले होते. पहिल्या दिवशी बाबांनी शहर म्हणून जे काही पाहिलं ते बेकऱ्यांच्या काचांमधून. इथला पाव वरून करपलेला, तिथला पोटात कच्चा, हेच चालू. संग्रहालयात एका जुन्या चित्रात टेबलावर पाव ठेवलेला होता, तर तोही त्यांच्या मते घाईत काढलेला! दुसऱ्या दिवशी स्टेशनाचा सरकता जिना बंद होता. आम्ही साधा जिना चढायला लागलो आणि अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की हा माणूस बोलतोय. चढतोय आणि बोलतोय! आपल्या दुकानातून माडीवर जाताना मधल्या पायरीवर चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करून थांबणारा माणूस तो. मला वाटलं, बोलले तर माझीच दृष्ट लागायची.

त्याच संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर सरोवराच्या सहलीची जाहिरात दिसली. शनिवारी सकाळी बस, सरोवर, त्याच्यावरची टेकडी, रात्री परत शहरात. मी म्हटलं, एक दिवस वाढवू या. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बेकरी विकायला काढली आहे. शनिवारी? मग मी रुसून पाहिलं, गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, शेवटी भांडलेसुद्धा. ते ढिम्म. खरं सांगू? सरोवराचं मला काडीचंही कौतुक नव्हतं. शुक्रवारी रात्री परतलो की पहाटे ते पुन्हा पिठात उभे राहणार, आणि एकदा उभे राहिले की तिथून त्यांना हलवायची ताकद आता माझ्यात उरली नाही, हे मला कळत होतं. मला सहल नको होती गं, मला माझा नवरा हवा होता.

आणि मग शुक्रवारची न्याहारी. हॉटेलच्या जेवणघराला लागूनच त्यांचं स्वयंपाकघर आहे. मी चहात साखर ढवळत होते, बाबा शुक्रवारच्या गाडीची तिकिटं चाचपत होते, एवढ्यात आतून घंटी वाजली. आपल्या भट्टीची घंटी, अगदी तोच आवाज! आम्ही दोघंही ताडकन उठलो. मी चमचा हातात घेऊन उभी राहिले तेवढ्यात बाबा हाताला रुमाल गुंडाळून आत पोचलेसुद्धा. मी दारात जाऊन बघते तर त्यांनी परक्या भट्टीचं दार उघडून ट्रे बाहेर काढलेला आणि तो कुठे ठेवायचा म्हणून इकडेतिकडे बघतायत. आचारी तोंड वासून उभा. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आचारी भला माणूस होता, तोही हसला आणि पाव वेळेवर निघाला म्हणून त्याने बाबांची पाठ थोपटली.

तेवढ्यात तिथल्या एका बाईने परातीत पिठाचं पोतं रिकामं केलं. पांढरा धुरळा उठला आणि बाबांना खोकला सुटला. तोच आपल्या घरचा, जीव घेणारा. तीन दिवसांत एकदाही न आलेला. मी त्यांना धरून बाहेर फुटपाथवर आणलं. गाड्या धूर सोडत जात होत्या आणि त्या धुरात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याचा श्वास हळूहळू जागेवर येत होता. त्यांनी हॉटेलच्या दाराकडे वळून बघितलं. मग म्हणाले की हवामानाचा नाही हा. आणि लगेच विचारलं, सरोवराची बस किती वाजता आहे? त्यानंतर शनिवार तुझ्यावर सोपवायला तुला फोन केला, आणि तो घाईने का ठेवला ते आता कळलं ना? फोन मागायला हात पुढे करून ते शेजारीच उभे होते, आणि त्यांच्या पोटात सूचना मावत नव्हत्या.

काल टेकडी चढलो. चढलो म्हणजे, बाबा चढले आणि मी त्यांच्या मागून धापा टाकत गेले. वाटेत त्यांनी एका तरुण जोडप्याला मागे टाकलं आणि वर पोचून, कमरेवर हात ठेवून, मला हाका मारल्या. एवढा मोठा आवाज त्यांच्या छातीतून निघालेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. खाली सगळं सरोवर पसरलेलं, आणि मी मात्र त्यांच्याचकडे बघत होते. तिथेच तुझा फोन आला. त्यांनी तो घेतला नाही, माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. सगळा पाव वेळेवर पोचला, एक ट्रे जळला, असं तू म्हणालीस आणि तुझा आवाज त्या ट्रेपाशी जरा पडला. फोन ठेवल्यावर इकडे काय झालं ते तुला माहीत नाही. मी सांगितलं तर बाबांनी विचारलं, एकच? मी म्हटलं, एकच. कुठला कोपरा? मी म्हटलं, डावा असणार. यावर ते जे हसायला लागले ते थांबेचनात. त्यांच्या पहिल्या शनिवारी अर्ध्या भट्टीचा पाव जळला होता आणि आजोबांनी त्यांना दुकानाबाहेर उभं केलं होतं, हे त्यांनी मला काल सांगितलं. इतकी वर्षं संसार करून मला हे माहीत नव्हतं! मग रुमाल काढून डोळे पुसत ते शेजारच्या त्या तरुण जोडप्याला सांगायला लागले की माझ्या मुलीने आज एकटीने शनिवार काढला. त्या बिचाऱ्यांना काय कळणार, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रात्रीची बस आम्ही सोडून दिली. इथे आठवड्यासाठी एक खोली घेतली आहे. हे पत्र मी बाबांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. स्वतः लिहायला बसलो तर नुसत्या सूचनाच लिहीन, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. तर ऐक, त्यांचेच शब्द आहेत. बेकरी आजपासून तुझी. पीठ तुझं, भट्टी तुझी, शनिवारही तुझा. ते आत पाऊल टाकणार नाहीत. पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही स्टेशनावरून थेट दुकानावर येऊ, मागच्या दाराने नाही, पुढून, गिऱ्हाइकांच्या बाजूने. त्या बाजूने आपलं दुकान त्यांनी अजून पाहिलेलंच नाही. रांगेत शेवटी टोपी घातलेला एक माणूस दिसेल, त्याला बाबा म्हणून हाक मारून पुढे बोलावू नकोस. त्याला रांगेत उभं राहायचं आहे.

तुझ्या शनिवारावर मनापासून खूश असलेली,
तुझीच
आई